शेपटीचे ठोके

एका जंगलात वाळलेल्या पानांच्या थराखाली दोन सापसुरळ्या बहिणी राहत असत. धाकटी भक्ष्य शोधत दूर गेली, की शेपटीने पानावर दोन ठोके मारी. ‘मी आहे,’ असा त्याचा अर्थ. मुलांनो, जिवावर बेतले, की सापसुरळी आपली शेपटी तोडून टाकते आणि पळून जाते. त्यामुळे त्यांच्यात रीतच पडली होती : कुणाची तुटकी शेपटी वळवळताना दिसली, तर ती आनंदाची बातमी. मालकीण निसटली!

त्या सकाळी थोरली रोजच्याप्रमाणे अंड्यांच्या बिळाचे तोंड पानाने झाकत होती. एवढ्यात मुंगी आली. “ताई, तुमच्या बहिणीला शिक्र्यानं नेलं. मी पाहिलं. शेपटी तेवढी करवंदीखाली पडली आहे. हलते आहे अजून.”

“हलते आहे ना? मग निसटली ती!” पान तिथेच टाकून थोरली धावली.

“शेपटी हलायची थांबली, की हाक मारा,” मुंगी मागून म्हणाली. “आम्हांला ती उचलायची आहे.”

करवंदीखाली कुणी नव्हते. पाखरेही गप्प होती. “अगं, कुठे आहेस?” थोरलीने शेपटीजवळ तोंड नेऊन विचारले. शेपटी वळली आणि पानावर आपटली. टप्, टप्.

“तिला विचारू नका, बाई,” डबक्यातला म्हातारा बेडूक म्हणाला.

“ती मला ओळखते.”

“तुमचा श्वास लागतो तिला. अंगात धाग्यासारख्या पेशी असतात, चेतापेशी. एका टोकाला झाडासारख्या फांद्या, तिथून निरोप आत येतो आणि लांब तंतूवरून धावत जातो. पुढची पेशी त्याला चिकटलेली नसते. मध्ये बारीकशी फट असते. तिथं रसाचा कण सांडला, की पुढची जागी होते. अशा त्या एकमेकींना उठवताहेत. मालकीण गेल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.” बेडूक काठाकडे सरकला. “बगळ्यानं माझ्या भावाला नेलं, तेव्हा मागे राहिलेला पाय असाच झटके देत होता. मी त्याला म्हणत होतो, चल, शर्यत लावू.”

थोरलीने सगळे ऐकून घेतले आणि ती तिथेच बसून राहिली. श्वास सोडला, की उत्तर येई. ऊन माथ्यावर आले. मग एकच ठोका आला. दुसऱ्याची तिने पुष्कळ वाट पाहिली.

शेवटी तिने मुंगीला हाक मारली. मुंगी आली नाही. थोरली घरी परतली, तेव्हा मुंग्यांची रांग तिच्या अंड्यांच्या बिळातून बाहेर पडत होती.

“आम्ही शेपटीकडेच निघालो होतो, ताई,” मुंगी म्हणाली. “वाटेत हे उघडं दिसलं.”

तात्पर्य : गेलेल्याच्या खुणेपाशी बसावे, पण घरात जे जिवंत आहे, त्याचे दार आधी लावावे. थोरलीचे लावायचे राहून गेले.