चित्रातली जीप

कोंडिवळ्याहून घाट उतरून बाजारात माणसं नेणारी सगुणा ढवळेची नवीकोरी जीप चार महिन्यांतच खटखटू लागली. पुढच्या डाव्या चाकापाशी, दर खड्ड्याला ‘खट्ट’! माणसं बसायला कचरू लागली, तशी तिने जीप थेट शोरूमला नेली.

सर्व्हिस मॅनेजर खासनीस टाय सावरत जीपमध्ये बसले आणि अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर एक चक्कर मारून उतरले.

"आवाजबिवाज काही नाही, बाई. तुमच्या मनात आहे तो."

"असेल. जरा इथं हात ठेवा," म्हणत सगुणाने त्यांना चाकामागची दांडी धरायला लावली आणि स्वतः बंपरवर चढून जीप दणादणा हलवली. खट्ट! साहेबांनी चटका बसल्यासारखा हात काढला. दांडीच्या टोकाचा सांधा पार ढिला झाला होता.

तरी साहेबांचा ताठा उतरेना. "दगडधोंड्यांतून गाडी हाकल्यावर दुसरं काय होणार? असल्या रस्त्याला वॉरंटी लागू नाही!"

सगुणाने मान वर केली. साहेबांच्या मागे भिंतभर जाहिरात होती. हीच जीप, नदीच्या पात्रातल्या धोंड्यांवरून उड्या मारत निघालेली.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे खराब का होईना, रस्ता तरी आहे. या चित्रात तर तोही नाही!"

थांबलेली गिऱ्हाइकं खो खो हसली. तासाभरात नवा सांधा बसला, तोही वॉरंटीत.

संध्याकाळी घाट चढताना मागच्या बाकावरचे गणूआजोबा डुलकीतून दचकून उठले. "सगुणे, खटखट थांबली! गाडी बंद पडली की काय?"