गॉगलमधला खड्डा

नव्या रस्त्यावरच्या खड्ड्यात पडून फोटोग्राफर कुमुदच्या भावाचा पाय मोडला, आणि नगराध्यक्ष घाटगे म्हणाले, “मी उद्घाटन केलं तेव्हा रस्त्यात एकही खड्डा नव्हता.” कुमुदचं डोकंच फिरलं. उद्घाटनाचे फोटो तिनंच तर काढले होते!

होर्डिंगसाठी फोटो निवडायला घाटगे स्टुडिओत आले आणि तिचा मोठ्या सेन्सरचा नवा कॅमेरा बघून हसले. “मोबाईलच्या जमान्यात या धोंड्याला भविष्य काय?”

कुमुदनं दातओठ खात त्याच कॅमेऱ्यानं काढलेला त्यांचा उद्घाटनाचा फोटो संगणकावर मोठा करत नेला. आधी हार, मग चेहरा, मग गॉगल. गॉगलच्या काचेत समोरचा रस्ता लख्ख दिसत होता आणि मधोमध तोच खड्डा.

“साहेब,” ती कडाडली, “डोळ्यांसमोरचा खड्डा जोवर तुम्हाला दिसत नाही, तोवर या धोंड्याला मरण नाही!”