आबासाहेबांच्या घरचा शून्य कचरा

शाळेने टूम काढली, की महिनाभर प्रत्येकाने घरचा कचरा रोज वजन करून लिहायचा आणि कमी करून दाखवायचा. सातवीतल्या शलाकाने आईचं डोकं खाल्लं, भाजीच्या देठांचं खत केलं, दुधाच्या पिशव्या धुऊन भंगारवाल्याला दिल्या. तरी सगळ्यांत जास्त कचरा तिच्याच घरचा निघाला. पहिला नंबर आला शेजारच्या बंगल्यातल्या मुलाचा, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब ढवण यांच्या नातवाचा. त्यांच्याकडे म्हणे कचराच होत नव्हता.

बक्षीस द्यायला अर्थात आबासाहेबच आले. शाल, नारळ, पुष्पगुच्छ घेऊन झाले, स्वच्छतेवर तासभर बोलून झालं, तरी त्यांचं पोट भरेना. त्यांनी शलाकाला व्यासपीठावर बोलावलं.

"एवढा कचरा? घर आहे का उकिरडा? उद्या शाळेच्या फाटकावर तुझ्या नावाची पाटी लावतो, म्हणजे अक्कल येईल."

शलाकाने दोन्ही हात पुढे केले. "लावा, आबासाहेब. पण तो गुच्छ आत्ताच माझ्याकडे द्या."

"तो कशाला?"

"नाहीतरी संध्याकाळी तुमच्या बाकीच्या कचऱ्याबरोबर तो भिंतीवरून आमच्याच अंगणात येणार. आधीचेही तुमच्या नावाच्या फितीसकट आलेत. आत्ताच दिलात तर तुमच्या गड्याची खेप वाचेल."

पहिल्यांदा मुख्याध्यापकच हसले, मग कोणालाच आवरेना.

पाटी काही लागली नाही. आबासाहेब गाडीत गुच्छ मांडीवर घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी नातू शलाकाकडे वजनकाटा मागायला आला. त्यांच्या घरी तो कधी लागलाच नव्हता.