काकांचा कुत्रा

वाईच्या एका फेसबुक ग्रुपवर उत्तमराव घोरपड्यांचा मोठा दरारा होता. ‘लस म्हणजे विष’ असं ते रोज ठासून लिहीत आणि विरोध करणाऱ्या अनोळखी माणसांनाही मूर्ख ठरवत. गावात गोवर पसरला, तरी घाबरलेल्या आया बाळांना लस द्यायला नेईनात.

तेजस्विनी भोईटे त्याच ग्रुपवरची एक आई. तिने वाद न घालता विचारलं, “काका, तुमच्या फोटोतला कुत्रा गोड आहे! माझी मुलगी त्याच्याशी खेळली तर चालेल ना?”

“खुशाल खेळू दे! त्याला सगळ्या लशी वेळेवर दिल्यात,” काकांनी अभिमानाने लिहिलं.

“मग आमच्या पोरांनी काय पाप केलंय, काका?”

लगेच दुसऱ्या एका आईने लिहिलं, “उद्या मी बाळाला लशीला नेतेय. कोण येतंय सोबत?”

खाली ‘मी येते’, ‘मीही येते’ अशी रांगच लागली.