शिंपिणीचे सैल टाके

उंबराला पहिली फळं धरली त्या काळची गोष्ट. एक शिंपीण पक्षीण घरट्यासाठी पान शिवत होती. अंडी उद्यावर आलेली, आणि सोसाट्याचा वारा प्रत्येक घट्ट टाक्यापाशी पान फाडत होता. तीन पानं वाया गेली.

“मेल्या वाऱ्या, थांब की!” ती किंचाळली.

शेजारी डोळे मिटून बसलेला म्हातारा सरडा म्हणाला, “पोरी, वारा तुझं ऐकतो का?”

“तुम्हाला काय, सरडेबुवा! अंडी मला घालायचीत!”

“म्हणूनच सांगतो. वारा तुझा नाही, टाका तुझा. आधी श्वास सावकाश घे.”

तिनं चिडतच घेतला. मग जाणवलं, प्रत्येक झोक्याच्या टोकाला फांदी क्षणभर थांबते. नेमक्या त्या क्षणी ती एकेक टाका घालू लागली, तोही सैल, पान डुलेल असा.

झुलणारं घरटं तोवर कुणी शिवलंच नव्हतं. सकाळीही वारा सुटलेलाच होता. आत पहिलं अंडं स्वस्थ होतं.