आबांचा लाल दिवा

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. नाव गेनू. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करी, म्हणून गाव त्याला भोळा म्हणे.

तो माळेवाडीच्या सरपंचांची, म्हणजे आबांची गाडी चालवी. आधीचा ड्रायव्हर हुशार होता. गावच्या रस्त्याचा मुरूम कुणाच्या अंगणात पडतो हे त्याला कळायचं. म्हणून तर त्याला काढला. गेनूला ठेवताना आबा म्हणाले, "मला डोकं चालवणारा नको, गाडी चालवणारा पाहिजे."

"बरं आबा," गेनू म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्यानं डोकं बंदच ठेवलं.

गाडी डिझेलची आणि जुनी. स्टेअरिंगमागच्या काचेत बारीक बारीक दिवे होते. गाडीला काही दुखलं-खुपलं की त्यातला एखादा लागायचा. आबांचा जीव मात्र दुसऱ्याच दिव्यात अडकला होता. त्यांना महामंडळाचं अध्यक्षपद हवं होतं. गाड्यांवरचे लाल दिवे सरकारनं केव्हाच उतरवले, पण लोकांच्या तोंडचा कोण उतरवणार? अजूनही कुणाला पद मिळालं की गाव म्हणतं, लाल दिवा लागला. "एकदा लाल दिवा लागला की गंगेत घोडं न्हालं," आबा म्हणायचे. घोडं बरीच वर्षं काठावरच उभं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी गेनूनं किल्ली फिरवली. जिलबीसारख्या वेटोळ्याचा एक पिवळा दिवा लागला. गेनूनं तशीच गाडी चालू केली. गाडी खोकली, धूर ओकली आणि बसली.

"अरे, डिझेल गाडी थंडीत अशी उठवतात काय?" आबा ओरडले. "दिवा दिसला की थांबायचं. विझेपर्यंत जाग्यावरून हलायचं नाही!"

"बरं आबा, ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. बंद डोक्यात जागा भरपूर होती.

मग एकदा आबांचे व्याही यायचे होते. गेनू त्यांना आणायला एसटी स्टँडवर निघाला. वाटेत डिझेल संपत आल्याचा दिवा लागला. गेनूनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून दिवा विझायची वाट बघत बसला. डिझेल कमी होत गेलं. दिवा काही विझेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा व्याहीच बॅग डोक्यावर घेऊन चालत आले.

"अरे, इथं काय करतोस?"

"दिवा विझायची वाट बघतोय, पाहुणं. तुम्ही पण बसा."

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. व्याह्यांनी माळेवाडीपर्यंत गाडी ढकलली आणि आबांशी बोलणं टाकलं.

"मूर्खा!" आबा म्हणाले. "दिवा लागला म्हणजे ती उपाशी असते! पोटात ओतायचं. गळ्यापर्यंत ओतायचं!"

"बरं आबा, ध्यानात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात घाट चढताना इंजिन तापलं आणि तापल्याचा दिवा लागला. मागच्या सीटवर आबा फोनवर बोलत होते. गेनूनं घाटमाथ्याच्या पंपावर गाडी घातली आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. दिवा तसाच. त्यानं आणखी ओतायला लावलं. डिझेल रस्त्यावरून वाहत गेलं आणि बॉनेटमधून वाफेचा फवारा उडाला. बघायला आलेल्या आबांच्या मिशा भिजल्या.

"गाढवा, ताप चढलाय तिला! ताप आला की गार पाणी घालावं एवढंही कळत नाही? आता आणखी एक चूक कर, नारळच देतो तुला!"

गेनू खूश झाला. घरी जाऊन म्हणाला, "आई, आबा नारळ देणार हायेत."

"देव त्यांचं भलं करो," आई म्हणाली. "चटणीला खोबरं नव्हतंच घरात."

त्यानंतर बॅटरीचा दिवा लागला. गेनूनं हौदावरून बादलीभर गार पाणी आणलं आणि बॅटरीवर घातलं. मग आणखी एक बादली. गाडीनं ताप सोडला आणि प्राणही सोडला. आबा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत एका तेराव्याला भाषण करायला निघाले होते. तिथवर ते गाडी ढकलत गेले. लोकांना वाटलं, आबांनाच दुःख जास्त झालंय.

रमजान मिस्त्रीनं बॉनेट उघडून सांगितलं, "अरे बाबा, पट्टा ढिला झालाय. हा दिवा लागला की पट्टा आवळायचा. आणि सेल्फचा आता भरवसा नाही. एकदा गाडी चालू झाली की बंद करू नकोस."

"बरं मिस्त्री, ध्यानात ठेवतो."

एका मटणाच्या जेवणावरून परत येताना आबा पुढच्या सीटवर झोपले होते. गेनू हँडब्रेक सोडायला विसरला होता, त्याचा लाल दिवा लागला. आता पट्टा शोधायचा. गेनूला गाडीत एकच पट्टा दिसला, तो आबांच्या पोटावर. त्यानं गाडी थांबवली, पाय टेकवला आणि जीव लावून आवळला.

"मेलो! मेलो!"

आबांचा श्वास जाग्यावर आला तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "बाबा रे, आता तू स्वतः काहीच करू नकोस. लाल दिवा लागला की आधी मला सांग. मी कुठंही असो, कुणापुढंही असो, धावत येऊन सांग. लागला तरी सांग, गेला तरी सांग!"

"बरं आबा, ध्यानात ठेवतो."

आणि तो दिवस आला. पद वाटणारे साहेब तालुक्याच्या विश्रामगृहावर उतरले होते. पद एक, मागणारे दोघं, आबा आणि वरच्या आळीचे दौलतराव. एका तबकात शाल आणि नारळ तयार होते. दोघांची माणसं गुलाल घेऊन आली होती.

मिस्त्रीनं बजावलं होतं, म्हणून गेनूनं गाडी बाहेर चालूच ठेवली होती. खालून इंजिनचं ऑइल टपटप गळत होतं. थोड्या वेळानं काचेत झारीच्या आकाराचा लाल दिवा लागला.

गेनूनं कशालाही हात लावला नाही. शहाण्यासारखा धावत आत गेला. साहेब दौलतरावांकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडतच होते.

"आबा! लाल दिवा लागला!"

आबांची माणसं उठून उभी राहिली. मग गुलाल उडाला, फटाके फुटले. दौलतरावांनी स्वतःसाठी आणलेला हार निमूटपणे आबांच्या गळ्यात घातला. सगळ्यांचे फोन साहेबांच्या तोंडासमोर आले. साहेब मुरलेले होते. वारा येईल तशी पाठ द्यायची त्यांना सवय होती. बातमी फुटलीच आहे, तर आपणच सांगितल्यासारखं करावं, असा त्यांनी विचार केला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गेनूला मिठी मारली. "गेन्या, तू माझा लेक रे!"

बाहेर खडाड् असा आवाज झाला. गेनू धावत गेला. बिनतेलाचं इंजिन कायमचं बसलं होतं. त्यानं किल्ली काढली, तसे सगळे दिवे विझले. आबा काय म्हणाले होते? गेला तरी सांग.

आत साहेबांनी माइक हातात घेतला होता. "तर मोठ्या आनंदानं मी जाहीर करतो की..."

"आबा! लाल दिवा गेला!"

फटाकेवाल्याच्या हातात काडी तशीच राहिली.

"गेला?" साहेबांनी माइक खाली घेतला. "लागला होता हे तरी तुला कुणी सांगितलं?"

"मी डोळ्यांनी बघितला साहेब. आत तेलच नव्हतं, म्हणून लागला. आता समदं बसलं."

साहेब खो खो हसले. त्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. त्यांनी शाल दौलतरावांच्या खांद्यावर घातली आणि नारळ आबांच्या हातात दिला.

आबांनी नारळाकडे बघितलं. मग गेनूकडे बघितलं. तोच नारळ त्यांनी गेनूच्या हातात ठेवला.

"घे. दिला तुला."

गेनू आनंदानं चालत घरी गेला. आईनं नारळ फोडला, वाटून चटणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळेला आबांच्या दारात हजर.

"आबा, चटणी लई झकास झाली. आईनं इचारलंय, दुसरा नारळ कधी देताय?"