लग्नाला गेलो असतो

"आहे का हो फादर, एका सकाळीत स्पॅनिश व्याकरणातला अख्खा काळ तोंडपाठ करणारा दुसरा कुणी?"

सातवीत मास्तरांनी मला कंटाळून पुढे ढकललं होतं, हे मी बोललो नाही. त्यांना ते माहीत होतंच.

मिशनच्या आवारात चिंचेखाली बसलो होतो. फादर आल्वारो मूळचे स्पेनचे. तरुणपणी इकडे आले ते इथंच म्हातारे झाले. आणि माझी हेमा तिकडे नोकरीला गेली, तिकडच्याच पोराशी लग्न ठरवून मोकळी झाली. बापाला विचारलं नाही. विमानाचं तिकीट तेवढं पाठवलं.

मी गुडघा पुढे केला. गुडघा दुखतो, येत नाही. त्याऐवजी मोबाइलवर बोललेला माझा निरोप लग्नात सगळ्यांपुढे वाजव म्हटलं तिला. तोही स्पॅनिशमध्ये! व्याह्याचं तोंड बघायला काय मजा आली असती.

"पुन्हा म्हण," फादर म्हणाले.

"बाइलार म्हणजे नाचणं. बाइलारीआ, नाचलो असतो. कोमेर, जेवणं. कोमेरीआ, जेवलो असतो. ईर, जाणं. ईरीआ, गेलो असतो. शब्द कापायचा नाही, मोडायचा नाही, मागं नुसती ईआची शेपटी लावायची. लई सोपं, फादर!"

"सोपंच आहे. आईला पत्रात मी हाच काळ लिहायचो."

"मग?"

"मग ती वारली."

तेवढ्यात फादरांची काठी निसटली आणि उतारावरून विहिरीकडे घरंगळत निघाली. मी ताडकन उठलो, चार ढांगांत गाठली, आणून हातात दिली.

फादर माझ्या पायांकडे बघत होते.

"कुठला गुडघा रे, सावळाराम?"

"…डावा."

"सकाळी येताना उजव्या पायानं लंगडत होतास."

मी खो खो हसलो. ते हसले नाहीत. काठी निसटली की सोडली, त्यांचा देव जाणे. जन्मभर गावाला मी असाच गंडवत आलो, म्हणून शंका.

मी मोबाइल काढला.

"चला, निरोप बोलून टाकतो. बाकी सगळं आलं मला. 'पण'ला तेवढं काय म्हणतात ते सांगा. गेलो असतो, पण…"

फादरांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"'पण' मराठीतच राहू दे. बाप बोलतोय, हे हेमाला त्याच एका शब्दावरून ओळखू येईल."